सोबतीचा बाक

शेवटच्या साध्या दिवशी अप्पांची सुई हरवली होती. ती त्यांच्याच सदऱ्याच्या कॉलरला खोचलेली होती आणि माझ्या मुलीला ती दिसत होती, पण ती सांगत नव्हती. अप्पा उशा झटकत होते, चहाचा कप उचलून खाली पाहत होते, आणि ती गालात हवा भरून हसू आवरत बसली होती.

अप्पा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. नातीला ते टाचणी म्हणत, कारण ती बारीक होती आणि बोलली की टोचायची. तिचे वडील नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात, महिन्यातून एकदा येणारे. त्यामुळे घरात आम्ही तिघंच, आणि अप्पांनी सगळ्यांना तिचं खरं नाव विसरायला लावलं होतं.

"टाचणे, सुई तुझी नातेवाईक ना? मग सांग कुठे गेली."

"आमचं सध्या बोलणं नाही," टाचणी म्हणाली.

मी टेबलाच्या टोकाशी प्रुफं तपासत होते. एका प्रकाशनात मी तेच काम करते, आणि त्या सकाळी मला एक प्रकरण संपवायचं होतं. अप्पांच्या कॉलरवर सुई चमकताना मीही पाहिली आणि काही बोलले नाही. दोघांचा खेळ होता तो. शेवटी अप्पांनी मान वळवली, त्यांना टोचलं, आणि ते इतक्या गंभीरपणे "अरेच्चा" म्हणाले की त्यांना ती आधीपासूनच माहीत होती हे माझ्या लक्षात आलं.

निघताना म्हणाले, "उद्या दुकान उघडणार नाही. जरा बसायला जायचंय."

"कुठे?"

"मागच्या बाकावर," टाचणी म्हणाली, आणि दोघं एकमेकांकडे पाहून हसली. मी प्रुफात एक काना दुरुस्त केला. त्यांच्यात असली सांकेतिक बोलणी रोजच चालायची.

त्या दुपारी अप्पा मशीनवर, बसल्या जागीच गेले. पाय पायडलवर, हात कापडावर. शेजारच्या चावीवाल्याला बराच वेळ मशीनचा आवाज आला नाही म्हणून त्यानं डोकावून पाहिलं. त्यानंच मला फोन केला. "ताई, अप्पा उठत नाहीयेत," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला, आणि समोरची ओळ शेवटपर्यंत वाचली. त्यात एक अनुस्वार राहिला होता. तो दिला. मग उठले.

पुढचे दिवस माझ्या अंगावरून गेले, माझ्यातून गेले नाहीत. लोक आले, बसले, चांगलं मरण आलं म्हणाले. मी पाण्याचे पेले भरले, विसळले, पुन्हा भरले. टाचणीचे वडील आले आणि रजा संपली तसे गेले. मी रडले नाही आणि टाचणीही रडली नाही, त्यामुळे आम्हा दोघींना एकमेकींची भीती वाटू लागली. अप्पांचा चष्मा कपाटावर होता तिथेच होता. तो उचलायला गेले की हात आपोआप शेजारच्या वस्तूकडे वळायचा.

मग एका सोमवारी ती शाळेत गेली आणि मी कामावर. अप्पांचा फोन मी चार्ज करून पर्समध्ये ठेवत असे. का, ते मला विचारू नका. दुपारच्या सुट्टीच्या बरंच आधी तो वाजला. पडद्यावर अप्पांनी स्वतः टाकलेलं नाव होतं, 'शाळा'.

"अप्पा, निघा बरं लगेच," एक मोकळा, सवयीचा आवाज म्हणाला. "तुमच्या टाचणीनं आज कहर केलाय. नेहमीसारखं नाही हं. बाई चिडल्यात."

पलीकडची बाई "अप्पा? ऐकू येतंय ना?" असं विचारत राहिली. मी सांगितलं, अप्पा नाहीत. ती म्हणाली, मग कधी येतील? मी पुन्हा तेच सांगितलं, थोडं वेगळ्या शब्दांत. पलीकडे मागे शाळेची घंटा झाली. वर्गशिक्षिकेला मी कळवलं होतं. ऑफिसातल्या या बाई रजेवर होत्या आणि त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी निघाले ते 'नेहमीसारखं नाही' हे दोन शब्द घेऊन. म्हणजे नेहमीसारखं असं काहीतरी होतं.

ती शाळा अप्पांच्या दुकानासमोर आहे. मीही तिथेच शिकले. टाचणीला तिथे घालायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली होती, की शाळेत जे काय जायचं ते अप्पांनी जायचं. अप्पांनी कारण विचारलं नव्हतं. आणणं-सोडणं, सभा, सगळं तेच पाहत. इतक्या वर्षांनी मी त्या फाटकातून आत शिरले तेव्हा पायऱ्या मला लहान वाटल्या, आणि सभागृहाच्या दारावरून जाताना मी मान दुसरीकडे वळवली.

मुख्याध्यापिका माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. माझ्या वेळच्या नव्हत्या. त्यांनी आधी अप्पांबद्दल दोन शब्द सांगितले, तेही ठरावीक नव्हेत. मग टेबलावर टाचणीचा जेवणाचा डबा ठेवला आणि झाकण उघडलं.

डबा बटणांनी भरलेला होता.

खेळाच्या तासाला मुलं स्वेटर काढून वर्गाबाहेरच्या खुंट्यांवर टांगतात. टाचणी पोट दुखतंय म्हणून मागे राहिली होती. तिच्याकडे अप्पांची दोरे कापायची छोटी कात्री होती. तिनं एकूण एक स्वेटरची एकूण एक बटणं कापली. कापड मात्र कुठेच कापलं गेलं नव्हतं, हे बाईंनी मुद्दाम सांगितलं. मग ती डबा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिली. लपवला नाही, पळाली नाही. विचारलं तर एवढंच म्हणाली, "घरी फोन करा."

मी त्या डब्याकडे पाहत होते. सकाळी त्यात मी तिचं जेवण भरलं होतं. जेवण कुठे गेलं असेल, हाच विचार माझ्या डोक्यात येत होता.

"पालकांचे फोन यायला लागलेत," बाई म्हणाल्या. "कात्री आणली, हे त्यांना सहन होत नाही. मुलीला काढा म्हणणारेही आहेत. सुटायच्या वेळी ते येतील आणि मला काहीतरी ठरवावं लागेल. पण आजचा नियम आजच पाळायचा. तुम्हाला बसावं लागेल."

"कुठे?"

त्यांना आश्चर्य वाटलं. "तुम्हाला खरंच माहीत नाही?"

मग त्यांनी सांगितलं. त्या आल्यापासून शाळेत छडी नाही, दंड नाही, मुलाला घरी बसवणं नाही. मूल चुकलं की घरातलं एक मोठं माणूस येतं आणि त्या मुलाशेजारी बाकावर बसतं, शाळा सुटेपर्यंत. ओरडायचं नाही, समजावायचं नाही, फक्त सोबत बसायचं. बहुतेक घरांना एकदाच पुरतं. मोठ्या माणसाचे गुडघे त्या बाकात मावत नाहीत, आणि मुलाला आपल्या माणसाचे ते दुमडलेले गुडघे पाहवत नाहीत.

"तुमच्या वडिलांच्या बाबतीत मात्र आमची शिक्षा आमच्यावरच उलटली," त्या म्हणाल्या.

अप्पा पहिल्यांदा आले ते टाचणीनं कुणाच्या तरी पाण्याच्या बाटलीत खडू टाकला म्हणून. मागच्या बाकावर बसले. मधल्या सुट्टीत पुढच्या मुलाच्या शर्टाचं बटण लोंबताना दिसलं, तेव्हा कॉलरची सुई काढून ते शिवून दिलं. दुसरी एक मुलगी बाही घेऊन आली, तिसरा खिसा घेऊन आला. मग काही दिवसांनी टाचणीनं फळ्यावर बाईंचं चित्र काढलं. पुन्हा अप्पा. मग फळा पुसायचं डस्टर खिडकीबाहेर गेलं. पुन्हा अप्पा. पुढे पुढे इतर मुलंही तिला विचारायला लागली, आता कधी करणार आहेस? एकानं तर स्वतःचं बटण ओढून तोडलं आणि तिला सांगितलं, आता काहीतरी कर ना.

"मी त्यांना बोलले," बाई म्हणाल्या. "म्हटलं, अप्पा, तुम्ही येऊन बसता म्हणून ती चुका करते. तर म्हणाले, मग ती चुकली नाही तरी, न चुकता बोलवा. महिन्यातून एकदा. तशी पहिली वेळ ठरलीही होती, पण ते आलेच नाहीत. त्या दिवशी मुलांनी मागच्या बाकावर जागा धरून ठेवली होती."

म्हणजे त्या दिवशी, ज्याच्या आदल्या दुपारी चावीवाल्यानं डोकावून पाहिलं.

मला बसायला खुर्ची होती तरी मी उभीच होते हे मला तेव्हा कळलं. वर्षभर माझे वडील असे येऊन बसत होते. माझ्या मुलीचा एक आख्खा उद्योग चालू होता. आणि मी त्याच घरात, त्याच टेबलाशी, दुसऱ्यांच्या पुस्तकांतले काने आणि मात्रा तपासत होते.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि पुन्हा काढलं. "मी विचारलं होतं. म्हणाले, तिच्या आईला या शाळेचं बोलावणं सोसत नाही. तो माझाच प्रताप आहे."

मी डब्यातलं एक बटण उचलून पुन्हा आत टाकलं.

"अजून एक सांगते. ते आले की आधी बाकावर बसायचे नाहीत. वर्गासमोर उभे राहून टाचणीला विचारायचे, तू केलंस का? आम्हाला सगळं माहीत असायचं, सगळ्या वर्गानं पाहिलेलं असायचं, तरी विचारायचे. ती हो म्हणाली की मग बसायचे. एकदा मी हसले तेव्हा म्हणाले, बाई, माझ्या मुलीच्या वेळी मी हे विचारलं नाही. ती अजून ते उत्तर तोंडात धरून आहे."

या खोलीच्या मागे सभागृह आहे. त्यातल्या रंगमंचाचा पडदा अप्पांनी शिवला होता, मी आठवीत असताना. जड, गडद लाल. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी तो खालून वरपर्यंत कापलेला सापडला. काप सरळ होता. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, असा हात शिंप्याच्या घरातलाच. त्यांनी अप्पांना बोलावलं. मी भिंतीशी उभी होते. अप्पा आले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं आणि हात जोडले. "लेकराला समज नाही, साहेब. मी रात्रीत शिवून देतो," म्हणाले. शाळेच्या गणवेशांचं काम त्यांच्याकडे होतं. आई नुकतीच गेली होती. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं, म्हणूनच मी काही बोलले नाही. आणि एकदा बोलले नाही की पुढच्या दिवशी बोलणं जास्त अवघड असतं. मग वर्षं गेली. अप्पांनी मला शिकवलं, माझं लग्न केलं, माझी मुलगी वाढवली. आमच्यात कधी भांडण झालं नाही. मी फक्त सुई हातात धरली नाही आणि त्या शाळेत पाऊल टाकलं नाही. मला वाटायचं, त्यांच्या हे लक्षातही नसेल.

वर्गात मी गेले तेव्हा सगळ्या माना वळल्या. टाचणी मागच्या बाकावर होती, शेजारची जागा मोकळी. तिनं दाराकडे पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या मागे. मागे कुणी नव्हतं. तिचा चेहरा तेव्हा जो झाला तो मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

मी बाकाशी जाऊन उभी राहिले.

"टाचणे, तू केलंस का?"

"हो."

"का?"

तिनं खाली पाहिलं. वर्गशिक्षिका खडू हातात धरून थांबल्या होत्या.

"असं केलं की अप्पा येतात."

"तुला माहीत आहे ना, टाचणे?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण एकदा करून बघितलं. नेहमीपेक्षा मोठं."

मी बसले. गुडघे खरंच मावत नव्हते. टाचणीनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग फळ्याकडे, आणि थोड्या वेळानं ती रडायला लागली. आवाज न करता, शिस्तीत, फळ्यावरचं उतरवून घेत घेत. मला ओरडायचं नव्हतं आणि समजावायचंही नव्हतं. नियमच तो. मी बाकावर तिच्या कोपराला कोपर लावून बसले.

मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकांनी स्वेटरांचा ढीग आणि तो डबा आमच्यापुढे आणून ठेवला. सुईदोरा ऑफिसातून आला. त्या म्हणाल्या, सक्ती नाही. टाचणीनं सुईत दोरा ओवून माझ्या हातात दिला, जसा ती अप्पांना देत असे, त्यांना डोळ्यांनी जमत नव्हतं म्हणून. मी शिंप्याची मुलगी, आणि माझं पहिलं बटण आडवं बसलं.

भोवती मुलं जमली. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं होतं. आलाही होता थोडा. पण माझं शिवण बघून तो मागे पडला.

"गाठ मागून मारायची," एक मुलगी म्हणाली. "अप्पा मागून मारायचे."

"आणि दोरा दातानं तोडायचे. मुलांनी तसं करायचं नाही, असं सांगायचे आणि स्वतः तोडायचे."

"तुम्ही अप्पांच्या कोण?" एका मुलानं विचारलं.

"मुलगी."

"मग तुम्हाला कसं येत नाही?" त्यानं हे कुचकेपणानं नाही, खरंच कोडं पडल्यासारखं विचारलं. टाचणीला हसू फुटलं. नाक गळत होतं, डोळे सुजले होते, आणि हसत होती.

उरलेले सगळे तास आम्ही शिवत होतो. मी बटण लावायची, ती दोरा ओवायची. गणिताचा तास झाला, भाषेचा झाला. भाषेच्या तासाला फळ्यावर एका शब्दाची वेलांटी चुकली होती. मी ती पाहिली आणि मान खाली घालून पुढचं बटण घेतलं.

शाळा सुटली तेव्हा व्हरांड्यात आठ-दहा पालक उभे होते. मुख्याध्यापिका बाजूला थांबल्या. एक बाई पुढे आल्या, त्यांच्या हातात मुलाचं दप्तर होतं. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द तेच होते. "शिंप्याच्या घरातल्या पोरीच्या हातात कात्री असणारच म्हणा. आज बटणं, उद्या कुणाचा कान. तुम्ही जरा लक्ष द्यायला नको का, ताई?"

माझे दोन्ही हात वर येत होते. एकमेकांना चिकटायला. मी ते येताना पाहिले. अप्पांचेच हात होते ते, तितकेच घाईत, कारण समोरच्याचा राग लवकर संपवायचा होता, कारण घाबरलेलं माणूस पोराआधी शांतता वाचवतं. त्या क्षणी मला अप्पा दिसले तसे आधी कधी दिसले नव्हते. मी हात खाली घेतले आणि एक टाचणीच्या खांद्यावर ठेवला.

"लक्ष माझं नव्हतं," मी म्हणाले. "बटणं तिनं कापली. तिला विचारा, ती सांगेल."

टाचणीनं त्या बाईंकडे वर पाहिलं. "मी कापली. कात्री घरून आणली होती. ती आता ऑफिसात दिली. तुमच्या स्वेटरचं वरचं बटण आईनं लावलंय, ते थोडं वाकडं आहे. सॉरी."

बाईंनी स्वेटर घेतला आणि उलटसुलट पाहिला. "थोडं?" त्या म्हणाल्या. मागे कुणीतरी हसलं. बाईंनी बटण काजात घालून पाहिलं. ते गेलं. "बसतंय," म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या. बाकीच्यांनी आपापले स्वेटर घेतले. एक गृहस्थ स्वेटर ओढून घेऊन गेले आणि त्यांचा राग त्यांच्याबरोबर गेला, संपला नाही. तो त्यांचा हक्कच होता.

मुख्याध्यापिका शेवटी जवळ आल्या. टाचणीला काढायचा विचार त्या करणार नव्हत्या, उद्या तिनं वेळेवर यायचं. मग मला म्हणाल्या, अप्पांशी ठरलेलं होतं ते महिन्यातून एकदाचं, त्याचं काय करायचं ते तुम्ही सांगा. मी म्हणाले, मी येईन.

दप्तर वर्गात राहिलं होतं. आम्ही परत गेलो. वर्ग रिकामा होता, बाक रांगेत लावून ठेवलेले, फक्त मागचा बाक तसाच होता, त्यावर दोऱ्याचे तुकडे. टाचणी ते गोळा करायला लागली. अप्पा कधी धागे सांडलेले ठेवत नसत. मी तिथे पुन्हा बसले, गुडघे दुमडून, आणि शेजारच्या जागेकडे पाहिलं. अप्पा तिथे बसत असणार. ते माझ्या मुलीला विचारत होते आणि मला विचारत होते. त्या एका प्रश्नाला ते एवढे दिवस या बाकावर घेऊन येत होते, आणि मी रोज संध्याकाळी त्यांना चहा देऊन आतल्या खोलीत जात होते.

टाचणी दोऱ्याचा गोळा हातात घेऊन माझ्याकडे बघत थांबली.

"अप्पा," मी म्हणाले. आवाज त्या खोलीला मोठा वाटला, पण मी तो कमी केला नाही. "तो पडदा मी कापला नव्हता."